कुलूप लावणारा हात

शाळा भरभराटीला असताना ती कोणाची, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तिच्यात प्रवेश मिळावा म्हणून खटपटी चालतात, स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर बसण्यास मान्यवर मिळतात, आणि निकाल चांगला लागला की सगळे गाव तिला 'आमची शाळा' म्हणते. ती बंद पडणार अशी वार्ता आली म्हणजे मात्र 'आमची' हा शब्द एकाएकी अवघड होऊन बसतो. ज्यांनी ती बांधली ते कबरस्थानात विसावलेले असतात. ज्यांनी ती चालवली त्या धर्मभगिनी मठाच्या एखाद्या शांत खोलीत जपमाळ ओढीत असतात. जे शिकून मोठे झाले ते दूरदेशी गेलेले असतात. कुलूप लावणारा हात असतो तो त्या वेळी पदावर असलेल्या कोणा एकाचा. त्याला तो अधिकार कोणी दिला? आणि अधिकार नाही म्हणावे, तर दार उघडे ठेवण्याचा भार कोणी वाहायचा? अमेरिकेतील एका हायस्कूलच्या निमित्ताने आम्ही या प्रश्नाशी अडखळलो.

ते हायस्कूल संत अंतोनी यांच्या नावाचे, न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी या शहरात. हडसन नदीच्या अलीकडे हे कामगारांचे शहर, पलीकडे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती. आज या शहरात आपल्या देशाची माणसेही मोठ्या संख्येने संसार थाटून आहेत. तेथील पोलिश स्थलांतरितांच्या धर्मग्रामाने १९५२ साली हे हायस्कूल सुरू केले आणि ते फेलिशियन भगिनींच्या हाती सोपवले. १८५५ साली वॉर्सा येथे स्थापन झालेला हा संघ १८७४ साली अमेरिकेत आला, तोच मुळी पोलिश शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांना शिकवण्यासाठी. पुढे पोलिश कुटुंबे उपनगरांत पांगली. त्यांच्या जागी कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन कुटुंबे आली. त्यांतील कित्येक कॅथलिकही नव्हती. शाळेने दार लावून घेतले नाही. ज्यांच्यासाठी ती बांधली ते गेले आणि ज्यांना तिची गरज होती ते आत आले, हा तिच्या इतिहासातील आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. वर्तमानपत्रांनी मात्र दुसऱ्याच भागाचे कौतुक केले.

तो भाग बास्केटबॉलचा. या शाळेला स्वतःची व्यायामशाळा कधीच नव्हती. पोलिश समाजाने १९१० साली बांधलेल्या 'व्हाइट ईगल हॉल' या जुन्या सभागृहात मुले सराव करीत. तेथेच बिंगोचे खेळ चालत. बॉब हर्ली हे तेथील प्रशिक्षक. पोटासाठी ते न्यायालयाच्या देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारे अधिकारी म्हणून नोकरी करीत. वाट चुकलेल्या मुलांचे पुढे काय होते, हे त्यांनी दिवसा पाहिलेले असे. म्हणून संध्याकाळी मैदानात ते विलक्षण कडक असत. १९७२ पासून ४५ वर्षे त्यांनी हे काम केले, अकराशेहून अधिक सामने जिंकले, राज्याची २८ विजेतेपदे मिळवली. २०१० साली बास्केटबॉलच्या राष्ट्रीय गौरवदालनात त्यांचे नाव कोरले गेले. मोठमोठ्या विद्यापीठांची बोलावणी आली असताही ते त्याच शाळेत राहिले. त्यांचे जवळजवळ सर्व खेळाडू महाविद्यालयात गेले. ज्या वस्तीत पुष्कळांच्या घरी आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, तेथे याचा अर्थ काय, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

एवढी कीर्ती असूनही शाळा दर वर्षी मरणाच्या दारात उभी असे. देणगीदारांची मेजवानी, एखाद्या जुन्या खेळाडूचा धनादेश, आणखी एक वर्ष. शेवटच्या काळात हर्ली यांनी शाळेचे अध्यक्षपदही पत्करले आणि निधी गोळा करीत फिरले. एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले की पुरेसे विद्यार्थी व पुरेसा पैसा यांची हमी नाही, तेव्हा जूनमध्ये शाळा बंद होईल. ती झाली. त्याच वसंतात 'व्हाइट ईगल हॉल'चे नूतनीकरण होऊन ते संगीताच्या कार्यक्रमांसाठी खुले झाले. वस्तीला चांगले दिवस आले होते. जागेच्या किमती वाढल्या होत्या आणि गरीब कुटुंबे लांब ढकलली गेली होती.

हे सारे वाचून प्रथम आम्हांला राग आला. ख्रिस्तसभेजवळ एका शाळेपुरता पैसा नव्हता काय? नंतर आम्ही थोडा हिशेब केला. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या; आज त्या ४० हजारही नाहीत. साठच्या दशकाच्या आरंभी तेथील कॅथलिक शाळांत ५२ लाख मुले शिकत होती. आज १७ लाखांच्या आसपास. या दोन आकड्यांत नाते आहे. एके काळी शाळेतील बहुतेक वर्गांवर धर्मभगिनी शिकवीत, आणि त्यांना मिळे ते वेतन नव्हे, जेमतेम निर्वाह. गरिबाला ती शाळा परवडत होती, कारण दुसऱ्या कोणीतरी आपल्या आयुष्याची किंमत वसूल केली नव्हती. भगिनी कमी झाल्या, संसारी शिक्षक आले. त्यांना मुलेबाळे, घरभाडे, आजारपण. त्यांना योग्य वेतन देणे हा न्याय. पण या न्यायाचा भार फीच्या रूपाने गरिबाच्याच माथी बसला. म्हणजे मागच्या पिढ्यांनी ज्याला स्वस्त शिक्षण मानले ते स्वस्त कधीच नव्हते. त्याचे देणे कोणी तरी मुकाट्याने फेडीत होते.

येथे आम्हांला मंदिराच्या दानपेटीपाशी आलेली ती विधवा आठवली. तिच्या दोन नाण्यांचे कौतुक आपण दर वर्षी प्रवचनात ऐकतो. पण अशा नाण्यांवर चाललेली संस्था, विधवा येईनाशी झाल्यावर कशी चालावी, हे कोणी सांगत नाही. आपण आपल्या मुली मठात पाठवीत नाही. घरात दोन मुले. एकाला अभियंता, दुसरीला परिचारिका करून परदेशी पाठवायचे. यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र जे घर पाचारणाला नकार देते, त्याच घराने धर्मभगिनींची शाळा बंद पडली म्हणून हळहळावे, यात काहीतरी खोट आहे.

अशा वेळी एक सांत्वन नेहमी पुढे केले जाते: संस्था जाते, कार्य उरते. दाखले हाताशीच असतात. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांचे कॉलेज होते. १५५६ साली वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांच्याच हाताखाली शिकले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर गेले. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, कॉलेज ओस पडले. पण संत गोन्सालो तर आमच्यात आहेतच ना? सांत्वन खरे आहे, तरी आम्हांला ते फार लवकर दिले जाते असे वाटते. दोनशे वर्षांनंतरच्या माणसाने ते घ्यावे. जून २०१७ मध्ये ज्या मुलीची अकरावी संपली होती आणि शेवटचे वर्ष परक्या शाळेत काढावयाचे होते, तिला ते देण्याचा अधिकार कोणाला आहे? शाळेने तिला नवव्या वर्गात घेतले तेव्हा चार वर्षांचा शब्द दिला होता. संस्थेला अमरत्वाचा हक्क नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण दिलेल्या शब्दाला मुदत असते आणि ती पाळणे हे धर्माचे काम आहे. नवे प्रवेश थांबवून, शेवटचे मूल बाहेर पडेपर्यंत दार उघडे ठेवणे, हे आमच्या मते त्या शब्दाचे किमान मोल होय.

यावर एका अनुभवी धर्मगुरूंनी आम्हांला निरुत्तर केले. ते म्हणाले, "रिकाम्या होत चाललेल्या शाळेत तुम्ही कधी शिकवले आहे का? चांगले शिक्षक आधी जातात. प्रयोगशाळा बंद होते. शेवटच्या बारा मुलांना आपण उरलेलो आहोत हे रोज कळत असते." आम्ही गप्प बसलो. अजूनही आमच्यापाशी याचे पुरते उत्तर नाही. मरणाची तारीख आधी सांगावी की नाही, हा प्रश्न माणसांच्या बाबतीतही सुटलेला नाही.

आता आपल्या आवारात येऊ. आपल्याकडे अनुदानित शाळा पैशावाचून सहसा मरत नाही. शिक्षकांचे वेतन शासन देते. आपली शाळा पटसंख्येने मरते. पट घसरला की शिक्षकांची मान्य पदे कमी होतात, शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात, दुसरीकडे समायोजित होतात. मग उरलेले पालकही दाखले काढतात. धर्मग्रामाच्या मराठी माध्यमाच्या शाळा अशाच ओसरत आहेत. ज्या माध्यमातून आमच्या आईवडिलांनी अक्षर गिरवले, ज्या भाषेत आम्ही प्रार्थना म्हणतो आणि हे त्रैमासिक वाचतो, त्या माध्यमाच्या वर्गांत आज आपली मुले थोडी आणि दूरच्या जिल्ह्यांतून कामासाठी आलेल्या मजुरांची मुले अधिक.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेबाबत सभा झाली. सभागृह भरले होते. माजी विद्यार्थी तावातावाने बोलले; आम्हीही बोललो, आणि टाळ्याही घेतल्या. शेवटी मागच्या बाकावरची एक शिक्षिका उभी राहिली. तिने एवढेच विचारले, की येथे जमलेल्यांपैकी ज्यांची मुले किंवा नातवंडे या शाळेत आहेत त्यांनी हात वर करावा. चार हात वर आले. चारही मजूर कुटुंबांचे. ती माणसे दाराजवळ उभी होती, खुर्च्या मिळाल्या नव्हत्या. आमचा हात मांडीवरच होता. आमची दोन्ही मुले रिक्षाने चार किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात होती.

शाळा त्या चौघांची होती, हे त्या क्षणी सगळ्यांना कळले असावे. तरी ठराव लिहिताना 'आमची शाळा' असेच शब्द आले. बदलावे असे कोणी सुचवले नाही, आम्हीही नाही.

पुढे दोन वर्षांनी माध्यमिक वर्ग बंद झाले. कपाटे हलवताना जनरल रजिस्टर कोठे ठेवावे यावर बराच वेळ गेला; ते कायमचे जतन करावे लागते, कारण दाखल्याची दुसरी प्रत मागायला माणसे पन्नास वर्षांनीही येतात. त्यात आमच्या वडिलांचे नाव आहे, आमचेही आहे. सध्या ते चर्चच्या कचेरीत, बाप्तिस्म्याच्या वह्यांशेजारी, लोखंडी कपाटात असते. किल्ली कारकुनाकडे मागावी लागते.