एका पैची चूक

पैठणला एक अंगणवाडीताई राहत होती. तिचे वडील, म्हणजे सगळ्यांचे आबा, फौजी. 1963 साली ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, पंधरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर घरी आले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी शेतात घातलं. लोक त्यांना ‘मिलिट्रीवाले आबा’ म्हणत, पण लढाईची गोष्ट त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. नातवंडं मागे लागली तर एवढंच म्हणायचे, "ड्युटी केली, पगार घेतला. त्यात काय सांगायचं?"

आबा गेले. गोदाकाठी दहावं झालं, तेरावा झाला. आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद लागणार होते म्हणून ताईने त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. गणवेशाचा पट्टा, एक घोंगडी, पलटणीतल्या मित्रांची दोन पत्रं आणि तळाशी कापडात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. कागद पिवळे पडले होते, पण शाई शाबूत होती. एका पानावर पदकांची नोंद होती: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल.

ताईने ट्रंक पुन्हा तळापासून चाचपली. पदक एकही नव्हतं.

"आई, आबांची मेडलं कुठं आहेत?"

"कसली मेडलं? मी तर कधी बघितली न्हाईत," आई म्हणाली. "आपलं गाव धरणात गेलं त्या सालात काय काय ऱ्हायलं, कुणी मोजलं?"

ते खरंच होतं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, 1976 साली धरण पुरं झालं आणि नाथसागराच्या पाण्याखाली गोदाकाठची कितीतरी गावं गेली. आबांचं गाव त्यातलंच. फौजेच्या दप्तरात त्यांचा पत्ता मात्र जुन्याच गावाचा राहिला. जिथे पोस्टमनने जायचं, तिथे पाणी होतं.

ताईचा मोठा भाऊ, दादा, बिडकीन रोडला खतांचं दुकान चालवायचा. डिस्चार्ज बुक बघून तो उठूनच बसला. "एकाहत्तरच्या लढाईत आपला बाप होता! मग साधी मेडलं कशाला? वीरचक्रच मिळायला पाहिजे. मरणोत्तर देतात की!"

दुसऱ्याच आठवड्यात त्याने एक माणूस धरून आणला. त्या माणसाने सगळं सोपं करून सांगितलं. पन्नास हजार द्यायचे. कागद तो तयार करणार. वर लागलंच तर दिल्लीच्या दुकानातून हुबेहूब मेडलं आणता येतात, चौकटीत बसवून भिंतीवर लावली की विचारतं कोण? नगरपरिषदेची निवडणूक जवळ आली होती. फ्लेक्सवर बापाचा फोटो, छातीवर वीरचक्र, खाली आपलं नाव, हे चित्र दादाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

ताई म्हणाली, "दादा, आबांनी काय केलं ते आपल्याला माहीत तरी आहे का? आधी ते तर कळू दे."

आबांच्या ट्रंकेतल्या पत्रांवरून तिने त्यांच्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांचा ठावठिकाणा काढला. दोघं बहीणभाऊ त्यांच्याकडे गेले. म्हातारा माणूस ओसरीवर ताठ बसला होता. आबांचं नाव ऐकताच त्यांनी आधी दोघांना चहा पाजला आणि मग सांगायला सुरुवात केली.

"आमची पहिली मराठा, जंगी पलटण. 1971 च्या डिसेंबरात आम्ही पूर्वेच्या आघाडीवर होतो. ब्रिगेडियर क्लेर यांची 95 माउंटन ब्रिगेड, आणि आमचे सीओ कर्नल कुलदीपसिंग ब्रार. सरहद्दीवरून कमालपूर, बक्षीगंज करत ब्रह्मपुत्रेपर्यंत आलो. पलीकडे जमालपूर. तिथं पाकिस्तानची 31 बलुच पक्की खंदकात. आम्ही नदी ओलांडून त्यांच्या पाठीमागे गेलो आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसलो. क्लेरसाहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. बलुचच्या कर्नल सुलतान महमूदने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली."

दादा पुढे सरकला. "आणि मग?"

"मग 10 तारखेची रात्र. ते मोर्चे सोडून निघाले आणि आमच्यावरच येऊन आदळले. लाटेमागून लाट. पहाटेपर्यंत थांबलंच नाही. उजाडलं तेव्हा रस्त्यावर आणि शेतात त्यांची दोनशेच्या वर माणसं पडलेली होती, आणि 11 तारखेला जमालपूर आपल्या हातात आलं. त्याच दिवशी टांगाइलला आपले छत्रीवाले उतरले, आम्ही त्यांना जाऊन मिळालो. 16 तारखेला ढाका."

"आबा त्या रात्री कुठं होते?" ताईने विचारलं.

"एलएमजीवर नंबर दोन. मॅगझिन भरून द्यायचं काम. माझ्यापासून वीस पावलांवर."

दादाने हळूच विषय काढला. "काका, तुम्ही एक कागद लिहून दिला, की आबांनी एकट्याने मोर्चा राखला, तर..."

सुभेदारांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. आवाज मात्र चढवला नाही. "तुझ्या बापाने एकट्याने काही केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं घडलं नाही. तो आपल्या जागेवर राहिला. मॅगझिन कमी पडू दिलं नाही. त्या रात्री आमच्यातला प्रत्येकजण तेवढंच करत होता, म्हणून रस्ता अडला. आता तू म्हणशील ते मी लिहिलं, तर बाकीच्यांच्या वाट्याचं काढून तुझ्या बापाला दिल्यासारखं होईल. त्याला ते चाललं असतं का, तूच सांग."

दादा काही बोलला नाही.

मग सुभेदारांनी नियम समजावून सांगितला. शौर्यपदक मागून मिळत नाही. त्याची शिफारस पलटणीचा कमांडर त्या वेळी, साक्षीपुराव्यासह, मुदतीत करतो. सांगलीच्या मणेराजुरीचा शिपाई पांडुरंग साळुंखे, 15 मराठाचा, त्याच लढाईत डेरा बाबा नानकच्या बाजूला बुर्जला पडला. त्याला मरणोत्तर महावीरचक्र मिळालं ते त्याच्या साहेबांनी आणि सोबत्यांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून. पन्नास वर्षांनी घरच्यांनी अर्ज करून वीरचक्र घडत नसतं. सेवेची पदकं मात्र वेगळी. पूर्वेला लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला लढलेल्यांना पश्चिमी स्टार, त्या काळात फौजेत असलेल्यांना संग्राम मेडल, आणि 15 ऑगस्ट 1972 ला नोकरीत असलेल्यांना पंचविसाव्या वर्षाचं. ही उपकाराची नाहीत, हक्काची आहेत. माणूस गेला तरी त्याच्या वारसाला मागता येतात.

"तुझ्या बापाची ती मेडलं राहिली असतील तर माग," सुभेदार ताईला म्हणाले. "त्याच्या नावावर रुपयाचं काम असेल तर सव्वा रुपया सांगू नको. पण पंधरा आण्यांवर गप्पही बसू नको."

परतताना दादाचा उत्साह मावळला. "सगळ्यांनाच मिळालेली मेडलं. ती आणून काय करायचं? आबांनी स्वतः कधी मागितली नाहीत. आपण कशाला?"

ताई मात्र कामाला लागली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन तिने कागदांची यादी घेतली. डिस्चार्ज बुकची प्रत, मृत्यूचा दाखला, पेन्शनचा पीपीओ, वारसाचे कागद, आणि सगळ्यांसोबत बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. रेकॉर्डकडून उत्तर आलं ते असं: शीट रोलवर, म्हणजे फौजेतल्या नोंदपत्रावर, जवानाच्या पत्नीचं जे नाव आहे ते अर्जातल्या नावाशी जुळत नाही.

नाव जुळणार कसं? भरतीनंतर लग्न झालं तेव्हा आबांनी आईचं माहेरचं नाव लिहून दिलं होतं. सासरी नाव बदललं. रेशनकार्डावर, मतदारयादीत, आधारवर सगळीकडे सासरचं नाव. आपल्याकडे हजारो बायकांची हीच गत आहे. एक बाई, पण कागदावर दोन.

प्रतिज्ञापत्र करायचं, माहेरच्या शाळेचा दाखला शोधायचा, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा पुरावा जोडायचा. आईच्या शाळेचा दाखला नव्हताच, कारण आई शाळेत गेलीच नव्हती. माहेरच्या ग्रामपंचायतीत जुनी जन्मनोंद शोधावी लागणार होती. दिवसभर अंगणवाडी, पोषण आहाराचं रजिस्टर, लसीकरणाच्या याद्या, आणि वर ही धावपळ. एका संध्याकाळी ताई थकून भिंतीला टेकली. दादा आलेलाच होता. तो म्हणाला, "सोड आता. आबांनी जे सोडून दिलं ते तू कशाला धरून बसलीस? आपल्या एकनाथांचंच बघ. देवगडावर जनार्दनस्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला. नाथांनी गुरूंचा पोशाख चढवला, लढले, शत्रूला परतवलं आणि पोशाख जागेवर ठेवून दिला. स्वामींना सांगितलं सुद्धा नाही. खरा माणूस असा असतो."

आई चुलीपाशी होती. अक्षरओळख नसली तरी नाथषष्ठीची कीर्तनं ऐकत तिचा जन्म गेला होता. ती तिथूनच बोलली.

"नाथांची अर्धीच गोष्ट सांगायलास तू. त्याच देवगडावर स्वामींनी नाथांना हिशेब लिहायला बसवलं होतं. एका रात्री एका पैचा मेळ बसंना. रातभर दिवा जाळून नाथ वह्या चाळत बसले. पहाटं चूक सापडली तवा आनंदानं टाळ्या वाजवल्या त्यांनी. पै ती केवढी? नाथांच्या घरची होती का?"

दादा गप्प झाला.

"लढाई नाथांनी स्वतः केली होती, म्हणून ती विसरले," आई म्हणाली. "हिशेब दुसऱ्याचा होता, म्हणून एक पै सोडली न्हाई. तुझा बाप विसरला, ते त्याला शोभलं. तू विसरलास तर त्याला काय म्हणायचं?"

त्या घरात मग वाद राहिला नाही. दुसऱ्या दिवशी दादाने दुकान पोरावर सोपवलं आणि आईच्या माहेरी गेला. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवहीत मोडी वळणाच्या अक्षरात आईची जन्मनोंद निघाली. बापाचं नाव, गाव, साल, सगळं जुळलं. प्रतिज्ञापत्र झालं. सुभेदारांनी साक्षीदार म्हणून सही केली, आणि त्या कागदावर जेवढं खरं तेवढंच लिहिलं: हा जवान माझ्या पलटणीत होता, जमालपूरला माझ्यासोबत होता.

कागद गेले. रेकॉर्डने नोंद दुरुस्त केली. काही महिन्यांनी पाकीट आलं, या वेळी नव्या पत्त्यावर. तीन पदकं, आणि त्यांच्या कडेवर कोरलेला आबांचा नंबर, हुद्दा आणि नाव. दुकानातून आणलेल्या पदकावर हे कुणालाही कोरता आलं असतं, पण दप्तरातल्या नोंदीशी ते कधीच जुळलं नसतं.

दादाने फ्लेक्स लावला नाही. निवडणूक लढवली, तीही बापाच्या नावाशिवाय. आणि नोंद दुरुस्त झाल्याचा एक फायदा त्यांनी कल्पलाही नव्हता: आईची फॅमिली पेन्शन ज्या नावाच्या घोळात अडायची होती, ती अडली नाही. पदकासाठी शोधलेली पै पेन्शनच्या हिशेबातही लागली.

ताईने मात्र एक काम पुढे चालू ठेवलं. धरणात गेलेल्या गावांमधून उठून पैठण तालुक्यात वसलेल्या कुटुंबांत कुणाकुणाचे वडील, आजोबा, चुलते फौजेत होते याची तिने यादी केली. अंगणवाडीच्या निमित्ताने घरोघर जाणं होतंच. ज्या घरी डिस्चार्ज बुक निघालं तिथे ती एवढंच विचारायची: यात लिहिलेलं सगळं घरात आहे का? बऱ्याच घरांत नव्हतं. कुठे पत्ता बुडाला होता, कुठे बायकोचं नाव बदललं होतं, कुठे जन्मतारीख चुकली होती. आबांच्या कागदांनी तिला वाट दाखवली होती, तीच ती दुसऱ्यांना दाखवत गेली.

तात्पर्य एवढंच. ज्याने काम केलं त्याने ते विसरावं, यात त्याचा मोठेपणा आहे. पण त्याच्या मागे राहिलेल्यांनी ते विसरलं तर तो मोठेपणा नव्हे, आळस आहे. आणि आठवण ठेवायची ती जेवढ्यास तेवढी. बापाच्या नावावर न केलेला पराक्रम चढवणं ही जशी चोरी, तशीच केलेली सेवा दप्तरात पडून राहू देणं हीसुद्धा चूकच.

तुमच्या घरात फौजेतून आलेल्या माणसाची ट्रंक असेल, तर ती या आठवड्यात उघडा. डिस्चार्ज बुकातलं पदकांचं पान वाचा. बायकोचं नाव, पत्ता, जन्मतारीख आजच्या कागदांशी ताडून बघा. काही जुळत नसेल तर दलालाकडे जाऊ नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि तो माणूस अजून तुमच्यात असेल, तर हे काम तो असतानाच, त्याच्या शेजारी बसून करा.