एकेंद्रियाचा आहार

अकलोलीत आमच्या ओट्यावर मेक्सिकोचं एक झाड आहे, पिंग्विक्युला. पानं लोण्याचा हात लागल्यासारखी. चिलट बसलं की चिकटतं आणि तिथेच विरघळतं. गावातल्या ऊन पाण्याच्या कुंडांचं पाणी क्षारांनी जड, म्हणून त्याला साठवलेलं पावसाचं पाणी घालते. दोन जातींचा संकर मी हाताने करते. फुलात स्त्रीकेसराची झालर परागकोशांवर पडदीसारखी असते. काडीने पडदीमागचे पराग उचलायचे आणि दुसऱ्या जातीच्या झालरीला तोंडाकडच्या बाजूने लावायचे. बी धुळीएवढं, पुरायचं नाही, वरच शिंपडायचं.

मी जैन घरातली. लहानपणी शिकले, वनस्पती एकेंद्रिय, माशी चतुरिंद्रिय. मग एकेंद्रियाने चतुरिंद्रियाला खावं, आणि ते मी पेरावं? झाडाला दोष कसा देऊ? त्याच्या निकस मातीत नत्र नाही, म्हणून किडा. त्याला हेतू नाही. मला आहे, आणि तेच मला टोचतं.

तानसा नदीकाठचे लोक सांगतात, कुंडांतलं ऊन पाणी म्हणजे वज्रेश्वरी देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त. त्यात माणसं दुखरे गुडघे शेकतात. तो वध रक्षणासाठी होता. चिलटाने माझं काय बिघडवलं होतं?

आपला चातुर्मास हा या झाडाचा खाण्याचा काळ. कोरड्या हिवाळ्यात मात्र ते लहान, जाड, न चिकटणारी पानं धरतं आणि शिकार थांबवतं. त्या महिन्यांत मी त्याच्याकडे निर्धास्त बघते.

यंदाच्या संकराचं बी पिकलंय. कागदाच्या पुडीत बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय, अजून पेरलेलं नाही.