नंदादीपाचे तेल

पितृपक्ष आला की वृद्धाश्रमांच्या कार्यालयांत निरोपांची रीघ लागते. कोणाच्या वडिलांची तिथी असते, कोणाच्या आईचे वर्षश्राद्ध असते. त्या निमित्ताने आश्रमातील वृद्धांना एक वेळचे मिष्टान्न द्यावे, अशी दात्याची इच्छा असते. एकाच दिवशी दोन घरांची खीर आणि तिसऱ्या घरचे लाडू येतात, आणि ज्यांना मधुमेहामुळे साखर वर्ज्य आहे त्यांच्या पानावरही ते दात्याच्या समाधानासाठी वाढले जातात. दाता हात जोडतो आणि कृतार्थ होऊन घरी परततो. त्याच रात्री दोन वाजता खाटेला खिळलेल्या एखाद्या आजीला तहान लागते, आणि तिच्या हाकेला ओ देणारे जवळ कोणी नसते. मिष्टान्नाच्या वहीत पंधरवड्याच्या साऱ्या तारखा भरलेल्या असतात. रात्रपाळीच्या वहीत मात्र जागा कोरी असते.

या दोन वह्यांमधील अंतराचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आश्रमाचा कारभार कसा चालवावा हा प्रश्न व्यवस्थापकाचा, आणि वृद्धांविषयी आपले कर्तव्य काय हा प्रश्न धर्माचा, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. आमच्या मते ही वाटणीच चुकीची आहे. माणसे किती, पाळ्या किती, गंगाजळी किती, या रुक्ष बाबींतच आपली कर्तव्यबुद्धी खरी की खोटी, हे ठरत असते.

प्रथम एका आक्षेपाचा परामर्श घेणे अवश्य आहे. वृद्धाश्रम ही कल्पनाच आपल्या संस्कृतीला लांच्छनास्पद आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते पुंडलिकाची आठवण देतात. प्रत्यक्ष पांडुरंग दाराशी आला असता ज्याने वीट पुढे सारली, पण आईबापांची सेवा क्षणभर थांबवली नाही, तो पुंडलिक आम्हांसही वंदनीय आहे. परंतु पुंडलिक घरी होता, आणि त्याला सेवा दोनच जिवांची करावयाची होती. आज मुलगा आखातात असतो, मुलगी दुसऱ्या खंडात असते. कोणाला अपत्यच नसते, तर कोणाचा मुलगा स्वतःच सत्तरीला टेकलेला असतो. शिवाय ज्या एकत्र कुटुंबाचे आपण गोडवे गातो, त्यात रात्री उठून सासऱ्यांची कूस बदलणारी, त्यांचे कपडे धुणारी कोण होती? ती घरची सून असे, किंवा भावाच्या आश्रयाला राहिलेली एखादी विधवा आत्या असे. तिच्या जागरणाचा हिशेब कोणी ठेवला नाही, म्हणून ती सेवा फुकट होत होती असा आपला समज झाला. जे ओझे पूर्वी एका मुकाट स्त्रीच्या खांद्यावर होते, तेच वृद्धाश्रमाने आकड्यांत मांडून आपल्यापुढे ठेवले आहे.

आणि हे ओझे लहान नाही. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात 10 कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या 8.6 टक्के भरली. गोव्यात हे प्रमाण 11.2 टक्के होते, आणि केरळ सोडल्यास मोठ्या राज्यांपैकी एकही त्यात गोव्याच्या पुढे नव्हते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात उभ्या राहिलेल्या प्रोव्हेदोरियाची वृद्धगृहे आजही चालू आहेत. केंद्राने 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा व कल्याणाचा कायदा केला. त्यात मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क आहे, परंतु त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपयांच्या पुढे न नेण्याचे बंधन राज्यांवर आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असे एक तरी वृद्धगृह राज्याने उभारावे, अशी तरतूदही त्यात आहे. मात्र तिची शब्दयोजना राज्याला मुभा देणारी आहे, बांधून घेणारी नाही. कायद्याने मार्ग दाखविला आहे. त्यावरून चालावयाचे काम समाजाकडेच उरते.

आता थोडे गणित करू. वाचकांनी कंटाळू नये. नीतीचा खरा पेच या गणितातच आहे. आठवड्याचे तास 168. एका सेवकाने किंवा सेविकेने आठवड्यात 48 तास काम करावे, हे न्याय्य मानले तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यासाठी साडेतीन माणसे लागतात. त्यात रजा, सण आणि दुखणी धरली की चार. म्हणजे हाक मारताच येईल असे एक माणूस हवे असेल, तर चार माणसांना पगार द्यावा लागतो. प्रत्येकास महिना 18,000 रुपये वेतन धरले, तरी त्या एका जागेचा खर्च महिना 72,000 रुपये होतो. आणि एक माणूस पुरते असेही नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. असे दहा रुग्ण असतील तर रात्रीच्या आठ तासांत चाळीस वेळा कुशी बदलाव्या लागतात, आणि जड शरीर वळवायला पुष्कळदा दोन जोडी हात लागतात. त्याच वेळी कोणी अंधारात स्वच्छतागृहाकडे जाताना तोल सावरत असतो, तर कोणी स्मृतिभ्रंशामुळे, आपले घर शोधण्यासाठी, फाटकाकडे निघालेला असतो.

हे गणित ज्यांना सोसत नाही, ते आश्रम एक साधा उपाय योजतात. प्रवेशाच्या छापील नियमांत एक कलम असते : अर्जदार स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करू शकणारा असावा. वरवर पाहता नियम निरुपद्रवी आहे. परंतु हिंडते-फिरते वृद्ध आत येतात, आणि काळ त्यांना हिंडते-फिरते राहू देत नाही. कोणाचे खुब्याचे हाड मोडते, कोणाला पक्षाघात होतो, कोणाला आपले नाव आठवेनासे होते. मग नातेवाइकांना पत्र जाते की, यांना घेऊन जावे. ज्या दिवसाच्या भयाने माणूस आश्रमात आला, नेमक्या त्याच दिवशी आश्रम त्याला दाराबाहेर काढतो.

व्यवस्थापकाला निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. त्याच्यापाशी तीस वृद्ध असतात आणि रात्रीला एक सेविका असते. तिने एका रुग्णाजवळ बसावे, तर एकोणतिसांचे काय? दरमहाचे शुल्क वाढवावे, तर ज्यांचे पेन्शन किंवा ठेवीवरचे व्याज ठरावीक आहे त्यांनी कोठे जावे? प्रवेशाच्या वेळी घेतलेली अनामत चालू खर्चात संपवून टाकली, तर दहा वर्षांनी ती कोणत्या तोंडाने परत करावी? वृद्ध दीर्घायुषी व्हावा ही प्रत्येकाची प्रार्थना. पण जमाखर्चाच्या वहीत त्याचे दीर्घायुष्य तूट म्हणून उमटते. अशा कोंडीत सापडलेल्या माणसाला दया शिकविण्यात अर्थ नाही. तो ज्या कोंडीत आहे ती आपण, बाहेरच्यांनी, निर्माण केली आहे काय, हे पाहिले पाहिजे.

आणि आम्हांस वाटते, बऱ्याच अंशी ती आपणच निर्माण केली आहे. आपले दान दिसणाऱ्या वस्तूंकडे धावते. खोली बांधून दिली की दारावर आईवडिलांचे नाव कोरता येते. पंखा दिला तर त्याच्या पात्यावरही नाव रंगवून घेणारे दाते आहेत. रात्री तीन वाजता कोणाची तरी कूस बदलणाऱ्या हातावर नाव कोरता येत नाही. म्हणून इमारती उभ्या राहतात आणि त्यांत माणसे अपुरी पडतात.

आपल्या पूर्वजांना हा भेद कळत होता. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जामात उषवदात याचा सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंसाठी लेणे कोरवून दिले; पण तेथेच न थांबता त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3,000 कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. मुद्दल कोणी काढावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट घातली. 2,000 कार्षापणांवर दरमहा शेकडा एक दराने वर्षाला 240 व्याज. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रासाठी. उरलेल्या 1,000 चे व्याज किरकोळ गरजांसाठी. ज्याने दगड दिला, त्याने दगडाच्या आत राहणाऱ्यांच्या वस्त्राचाही हिशेब मांडून ठेवला. मंदिरांतील नंदादीपांच्या मागेही हीच बुद्धी आहे. दीपाचे भांडे एकदाच द्यावे लागते, तेल रोज लागते. म्हणून तेलासाठी जमीन वा द्रव्य लावून देण्याची चाल पडली. नंदादीपाचे नुसते भांडे अर्पण करून तेलाची चिंता न करणाऱ्यास आपण भाविक म्हटले असते काय?

वृद्धाश्रमाचे तेल म्हणजे सेवकाचे वेतन. वर सांगितलेल्या हिशेबाने केवळ रात्रीच्या आठ तासांची एक जागा भरण्यास महिना 24,000, म्हणजे वर्षाला 2,88,000 रुपये लागतात. शेकडा सहा व्याज धरले तर त्यास 48 लाखांचे मुद्दल हवे. आणि महागाईने ते झिजू नये म्हणून व्याजाचा काही भाग पुन्हा मुद्दलात घालावयाचा तर त्याहून अधिक. रक्कम मोठी आहे. परंतु सभामंडपाच्या जीर्णोद्धारासाठी याहून मोठ्या रकमा जमा झालेल्या आपण पाहिल्या आहेत. फरक इतकाच की सभामंडपाचे उद्घाटन होते, आणि रात्रपाळीचे होत नाही.

येथे ‘सेवा’ या शब्दाविषयीही सावध राहिले पाहिजे. हा पवित्र शब्द पुष्कळदा कमी पगाराचे समर्थन करण्यासाठी वापरला जातो. खेड्यातून आलेली ती सेविका परक्याच्या आईचे मलमूत्र काढते, त्या वेळी तिची स्वतःची आई घरी एकटी असते. तिच्याकडून त्यागाची अपेक्षा करणारे आपण, आपल्या वाट्याचा त्याग मात्र खिरीच्या पातेल्यापुरता मर्यादित ठेवतो. जो समाज सेवेची थोरवी गातो पण तिचे योग्य मोल देत नाही, त्याने ती थोरवी दुसऱ्याच्या घामातून उसनी घेतलेली असते.

हात अपुरे पडले की आणखी एका गोष्टीचा बळी जातो. ती म्हणजे वृद्धाचे स्वातंत्र्य. एखाद्या आजोबांना पहाटे देवळापर्यंत चालत जावे, चार पायऱ्या उतरून तळीच्या काठी घटकाभर बसावे, असे वाटते. सोबत द्यायला माणूस नाही, आणि पडले तर नातेवाईक जाब विचारतील. म्हणून फाटकाला कुलूप लागते. आजोबा सुरक्षित राहतात, पण कैद्याप्रमाणे राहतात. सुरक्षितता आणि स्वातंत्र्य यांचा विरोध पुस्तकात अटळ दिसतो. व्यवहारात तो पुष्कळदा सोबतीला चालणाऱ्या एका माणसाने मिटतो. आजोबांनी पायरी उतरण्याचा धोका पत्करावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार, शुद्ध असेपर्यंत, त्यांचाच असला पाहिजे. तो धोका कमी करणे, पायऱ्यांना कठडा लावणे, सोबत देणे, हे व्यवस्थापनाचे काम.

देवस्थानांभोवती वाढलेल्या आपल्या समाजाला संस्था चालविण्याचे शिक्षण नव्याने घ्यावयाचे नाही. महाजनांची सभा, तीत वाचला जाणारा जमाखर्च, समितीला भर सभेत विचारले जाणारे खोचक प्रश्न, हे सारे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. परगावच्या भाविकांना अग्रशाळेत उतरवून घेण्याची रीतही आपलीच. हाच अनुभव वृद्धाश्रमाकडे वळवावा. दान देण्यापूर्वी दात्याने चारच प्रश्न विचारावेत : येथे रात्री जागे किती जण असतात? त्यांना वेतन किती मिळते? अनामतीची रक्कम वेगळी राखली आहे काय? आणि राहणारा अंथरुणाला खिळला, तर त्याला येथेच ठेवण्याची तजवीज कोणती? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर तोंड फिरवून जाऊ नये. आपले दान त्या उणिवेच्या जागी घालावे. आश्रमाच्या समितीवर तेथे राहणाऱ्या वृद्धांपैकी एकदोघे असावेत, हेही सुचवावेसे वाटते. ज्याच्या खाटेचा प्रश्न आहे, त्याच्या अनुपस्थितीत त्याचा निर्णय होऊ नये.

कोणी म्हणेल, इतके करूनही मायेची उणीव भरून निघेल काय? नाही निघणार. पगारी हात पुत्राचा हात होत नाही, आणि ज्यांना शक्य आहे त्यांचे घरचे कर्तव्य कोणत्याही देणगीने फिटत नाही. परंतु मायेची उणीव आहे म्हणून पाण्याच्या तांब्याचीही उणीव असावी, असे थोडेच आहे? माया विकत घेता येत नसली तरी जागरणाची व्यवस्था करता येते. आणि पोट भरलेला, पुरेशी झोप मिळालेला, मान राखला गेलेला सेवक पुष्कळदा विकत न मिळणारी ती वस्तूही आपणहून देऊन जातो.

पुढील पितृपक्षात आपण पितरांसाठी पान वाढूच. ते वाढावेच. मात्र त्याच दिवशी, ज्यांचे अजून पितर व्हावयाचे आहे अशांच्या उशाशी रात्री कोण बसणार आहे, एवढी विचारपूस करून मग घरी परतावे.