भिवंडीने वाटून घेतलं ते

शांतता हवी, असं मी म्हणते तेव्हा मला नेमकं काय हवं असतं? दगड पडू नयेत, लोकल वेळेवर सुटावी, मुलं सुखरूप घरी यावीत, एवढंच? की पलीकडच्या माणसाच्या शब्दालाही माझ्याइतकंच वजन असावं, हेही त्यात येतं? डोंबिवलीत राहून हा प्रश्न टाळता येतो. भिवंडीला तो टाळता आला नाही.

कल्याणहून दुर्गाडीची खाडी ओलांडली की थोड्याच वेळात यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतो. या गावात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली, तिची झळ जळगाव-महाडपर्यंत गेली आणि चौकशीला न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झालं, या वेळी आग ठाणे-मुंबईपर्यंत पोचली. दंगल म्हणजे यादवी नव्हे, हे मला कळतं. लेबनॉन यादवीत पंधरा वर्षं जळत होतं. पण आग विझल्यावर उरणारा प्रश्न दोन्हीकडे सारखाच असतो. ज्यांची घरं जळली आणि ज्यांनी जाळली, त्यांनी उद्यापासून शेजारी शेजारी राहायचं कसं, आणि तिथे शब्द कोणाचा चालायचा?

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगल उसळली की पुढाऱ्यांची शांतता समिती बसवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. खोपड्यांनी ती उलटी केली. काहीही घडलेलं नसताना वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने, सोबत त्या भागाचा पोलीस, आणि बैठक नेमाने. समोर यायचे ते बहुतेक गल्लीतले रोजचे तंटे. त्याच बैठकीत मिरवणुकीचा रस्ताही ठरू शकत होता. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं गेली. भिवंडी शांत राहिली.

मी या समित्यांचा विचार करते तेव्हा मला त्यातली एकच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. तिथे नुसत्या खुर्च्या वाटल्या नव्हत्या, खबर वाटली होती. अमक्या ठिकाणी मांस टाकलं, तमक्या मशिदीवर दगड आला, असं रात्री कोणी सांगत आलं, की पोलीस कोणाचं आधी ऐकतो यावर पुढचं सगळं ठरतं. एरवी हा मान एकाच बाजूला मिळतो आणि दुसऱ्या बाजूला ते पक्कं ठाऊक असतं. इथे दोन्ही बाजूंची माणसं एकाच हवालदारासमोर बसलेली, एकमेकांना नावाने ओळखणारी. अफवा खरी की खोटी हे ठरवण्याचा अधिकार दोघांचा होता. माझ्या मते सत्ता वाटून घेणं म्हणतात ते याला.

नुसत्या खुर्च्या वाटून काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. १९८९ च्या ताइफ करारानं लेबनॉनच्या संसदेत ख्रिस्ती आणि मुस्लिम जागा समसमान केल्या. युद्ध थांबलं, पण वरची पदं धर्मावर ठरण्याची रीत कायम राहिली. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या करारानं दोन्ही बाजूंना सरकारात बरोबरीचं स्थान दिलं. बॉम्ब जवळजवळ थांबले, हे मोठंच. तरी बेलफास्टमध्ये वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत आणि बहुतेक मुलं वेगवेगळ्या शाळांत शिकतात. भिंतीच्या आड मिळालेली शांतता खोटी म्हणवत नाही. माणसं जिवंत राहतात, त्यापुढे काय बोलायचं! पण ती टिकेल असंही वाटत नाही.

भिंत आमच्याकडेही आहे, आणि ती बांधायला कोणी विटा आणल्या नाहीत. १९९२-९३ नंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्यात येऊन राहिली. मुंब्रा ठाणे महापालिकेत, डोंबिवलीहून लोकलने हाकेच्या अंतरावर. पूर्वी आमची फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून थेट ठाण्याला निघायची, मुंब्रा दिसायचंही नाही. २०२२ मध्ये मार्ग बदलले. आता फास्ट गाडी मुंब्र्यावरून जाते, बहुतेक वेळा थांबत नाही.

मी आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीवर आहे. भाडेकरू आला की त्याचे कागद आमच्या टेबलावर येतात. एकाही मुस्लिम अर्जदाराला मी नाही म्हटलेलं नाही, कारण तसा अर्जच कधी आलेला नाही. एजंट पहिल्या फोनवर 'फॅमिली कोणती?' विचारतो आणि नाव तिथेच गळतं. नकार देण्याचं काम माझ्यापर्यंत पोचतच नाही. माझे हात स्वच्छ राहतात. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी मान्य केला. आमच्या उपविधींत तसं काही लिहिलेलं नाही. लिहायची गरजच पडली नाही, हे मला जास्त टोचतं. शेजारी कोण असावा हे ठरवण्याची सत्ता माझ्याकडे आहे, आणि ती मी न मागता, न भांडता उपभोगते आहे. ती वाटायला मी खरंच तयार आहे का? तोंडाने हो म्हणते. पण जिन्यात तक्रारी सुरू झाल्या, सभेत आवाज चढले, तर मी ठाम राहीन का, याची खात्री मला देता येत नाही.

भिवंडीनेही कायमची खात्री दिली नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून तिथे पुन्हा रक्त सांडलं. गोळीबारात माणसं गेली, दोन पोलीस मारले गेले. या वेळी भांडण दोन समाजांत नव्हतं, पोलीस आणि वस्तीत होतं. जो हवालदार बैठकीला बसायचा, तोच समोर उभा ठाकला. समित्या फोल होत्या, असा अर्थ मी यातून काढत नाही. खोपडे बदलून गेले, तसा समित्यांचा जोरही ओसरत गेला असावा. एका अधिकाऱ्याच्या हिमतीवर उभं राहिलेलं काम त्याच्यामागे कोणी चालवायचं होतं? आमच्यासारख्यांनीच.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी एक विषय लेखी देणार आहे. धर्म, जात किंवा खाणंपिणं बघून कोणालाही घर नाकारायचं नाही, आणि तसं विचारणाऱ्या एजंटला सोसायटीत येऊ द्यायचं नाही. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदक अजून मिळायचा आहे.