प्याला नको, शेजारी हवा

कायद्याची मुभा आहे, एवढ्यावरून एखादी गोष्ट करावीच काय? भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या परिसरात हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. मार्च-एप्रिलात गोंड शेजारी पहाटे मोहाची फुले वेचतात, वाळवून भिजत घालतात आणि ती आंबली की भट्टीवर दारू गाळतात. सणाला ती आधी पूर्वजांपुढे ठेवतात, मग पाहुण्याला देतात. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबास घरापुरती दारू गाळण्याची मोकळीक आहे. २०२२ सालच्या अबकारी धोरणाने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जाही दिला.

मग पाहुणा म्हणून आपण काय करावे? करिंथच्या मंडळीत मूर्तीच्या नैवेद्याविषयी असाच वाद उठला, तेव्हा पौलाने स्वतःच्या मोकळिकीपेक्षा दुर्बळ बंधूचा विचार मोठा मानला. पगाराच्या दिवशी ज्याचे पाऊल घराऐवजी गुत्त्याकडे वळते, तो बंधू आपल्याकडे पाहत असतो. म्हणून आपण प्याला घेऊ नये. मात्र नाक मुरडून उठूही नये. त्याच अंगणात बसावे, भाकरी मागून घ्यावी. नकार दारूला असावा, माणसाला नव्हे. मुलांना आपण हा भेद शिकवतो काय?