आटे

गेल्या उन्हाळ्यात मी माझीच जुनी राजदूत भंगाराच्या भावानं परत विकत घेतली. कड्यातले लोक हसले. साठी ओलांडलेल्या माणसानं नातवंडं खेळवावीत, तर हा ओसरीवर इंजिन मांडून बसलाय.

नव्या पोरांना राजदूत ठाऊक नाही. एस्कॉर्ट्स कंपनीची, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली, 175 सीसीची टू-स्ट्रोक. पेट्रोलातच ऑइल मिसळायचं. दुधाचे कॅन दोन्ही अंगाला लटकवून खडकाळ वाटेनं निघाली की थांबायचं नाव नाही. मी ती 1986 साली जुनीच घेतली आणि 2003 च्या दुष्काळात विकली. दावणीला चार जनावरं होती आणि कडब्याला हात लावायची सोय नव्हती. घेणारा शेजारच्या वस्तीवरचा दूधवाला. त्यांना सगळे तात्या म्हणत.

आता खरी गोष्ट सांगतो. ती मी वीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

विकायच्या आधी क्लचच्या कव्हराखालून ऑइल पाझरत होतं. मी खालचा स्क्रू आवळला. तरी थेंब येतच होता. आणखी आवळला, मग पाना लावून पिळला. एकदम हाताला हलकं लागलं आणि स्क्रू नुसताच फिरायला लागला. आटे गेले.

स्क्रू पोलादाचा, इंजिनची केस अ‍ॅल्युमिनियमची. जोर केला की नरम धातू हरतो. सहा मिलिमीटरच्या स्क्रूला मनगटाचा जोर पुरतो, दंडाचा लागत नाही. खरं तर पाझरत होतं ते कव्हराचं पॅकिंग कुजल्यामुळं. दोष एकीकडं आणि मी पिळत होतो दुसरीकडं. घरातसुद्धा माणूस असंच करतो.

गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. मी दोन नळ्यांतला गोंद कालवला, भोकात भरला, त्यात स्क्रू दाबला. रॉकेलनं इंजिन पुसून लख्ख केलं. तात्यांनी गाडी सुरू करून बघितली, पैसे मोजले आणि गेले.

आमच्याकडं जनावर विकताना खोड सांगून विकायची रीत आहे. सगळेच पाळतात असं नाही, पण मी पाळली. मारका बैल मारका म्हणून विकला, दोन पैसे कमी घेतले. मग गाडीची खोड का सांगितली नाही? पुष्कळ विचार केला. बैल नव्या दावणीला गेला की आठ दिवसांत आपली खोड दाखवतो, तेव्हा तिथं माझ्या खरेपणाला भीतीचा टेकू होता. यंत्राची खोड उघडी पडायला वेळ लागतो आणि तोवर ती कोणाची, हे सांगता येत नाही. म्हणजे धरला जाणार असेन तिथं मी खरा होतो. हे कळलं तेव्हा बरं वाटलं नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात क्लचचं कव्हर उघडलं. वाटलं, तो वाळका गोंद अजून असेल. तर त्या भोकाच्या तोंडाला पिवळी कडी दिसली, पितळेची. कोणीतरी खराब भोक मोठं करून, बाहेरून आणि आतून आटे पाडलेलं बुश लेथवर करून तिथं बसवलं होतं. नख फिरवलं तरी कड लागत नव्हती. मी तिथंच बसून राहिलो.

तात्यांनी माझी लबाडी उघडून बघितली होती. नीट केली होती. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एकाच टपरीवर चहा प्यायलो. ते एक शब्द बोलले नाहीत. आता ते नाहीत. ती क्षमा होती, की ‘ह्या माणसाला काय बोलायचं’ असं होतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

त्याच कव्हराचं वरचं एक भोकही आता गेलेलं निघालं. ते मी स्वतः करायचं ठरवलं. कड्याला 2022 पासून रेल्वे आहे, पण मी सवयीनं एसटीनंच नगरला गेलो आणि हेलिकॉइलचा संच आणला. हेलिकॉइल म्हणजे पोलादी तारेची, स्प्रिंगसारखी गुंडाळी. चुरा आत जाऊ नये म्हणून इंजिनात फडकं कोंबलं. भोक सरळ धरून मोठं केलं. टॅपला रॉकेल लावून अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, असे आटे पाडले. चुरा काढला, गुंडाळी पिळत बसवली, खालचं शेपूट मोडून बाहेर घेतलं. जुनाच स्क्रू गेला आणि धरला.

तेव्हा ध्यानात आलं. गोंद भरताना मी धातूला धक्काही लावला नव्हता. दुरुस्ती करायची म्हणजे आधी भोक आणखी मोठं करावं लागतं, थोडा चांगला धातूही घालवावा लागतो. तसं केलं तर ती जागा पहिल्यापेक्षा पक्की होते. बुजवलेलं भोक फक्त दिसायला भरलेलं असतं, भार घेत नाही.

मग तात्यांच्या पोराकडं गेलो. सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “नाना, बाबांनी इंजिन पोत्यात घालून एसटीनं नगरला नेलं होतं, मी लहान होतो. आटे गेलेत म्हणले. कोणी घालवले ते नाही म्हणले.” बुशाचे पैसे पुढं केले, ते त्यानं घेतले नाहीत. चहा ठेवला. जाताना मात्र म्हणाला, “बाबा होते तवा सांगायचं होतं.” ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

गाडी आता चालते. थेंब गळत नाही. लोक बघायला येतात, हात फिरवतात, तारीफ करतात. कव्हर बसलं की ती पितळी कडी बाहेरून दिसत नाही. म्हणून तोंडानं सांगावं लागतं: खालच्या स्क्रूला पितळेचं बुश आहे, ते तात्यांनी बसवलं, आणि ते भोक मी घालवलं होतं.