गावकीत मिटवू नका

दापोलीजवळच्या आंजर्ल्यासारख्या गावात कराटेचा वर्ग सुरू झाला की आईबापांना बरं वाटतं. पोर स्वतःला सांभाळायला शिकेल. पण त्या वर्गावर लक्ष कोणाचं? शाळेत निदान २०२२च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. संध्याकाळी पटांगणात किंवा सभामंडपात भरणाऱ्या खासगी वर्गाला विचारणारं कोणी नसतं.

कराटे, ज्युडो, कुस्ती शिकवताना शिक्षकाचा हात अंगाला लागतोच. वरचा पट्टा कोणाला, स्पर्धेला कोण जाणार, हेही तोच ठरवतो. त्यामुळे स्पर्श खटकला तरी मुलाला वाटतं, हा शिकवण्याचाच भाग असेल. मुलगेही यातून सुटत नाहीत, आणि त्यांचं तर कोणी ऐकूनही घेत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट, साक्षी मलिक लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसल्या. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर गुन्हा नोंदला गेला एप्रिलअखेर, तोही कुस्तीपटू सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. पण देशभर नाव असलेल्या खेळाडूंना इतकं झगडावं लागलं, तर दहा वर्षांच्या पोरीने कोणाचं दार ठोठावायचं?

गावात असं काही कळलं की गावकी बसते. सरांना गुपचूप वर्ग बंद करायला सांगतात आणि विषय संपवतात. तो माणूस मग दुसऱ्या गावात नवा वर्ग काढतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने ही मिटवामिटवीच गुन्हा ठरवली आहे: ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थाप्रमुखाने दडवलं तर वर्षापर्यंत. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेच्या विश्वस्तांवर याच कारणाने गुन्हा दाखल झाला.

बोभाट्याची भीती खोटी नाही. पण मुलीला दापोलीच्या पोलीस ठाण्यात न्यावंच लागतं असं नाही. जबाब घरी येऊन, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तिची ओळख उघड करायलाही बंदी आहे.

जागा देणाऱ्या शाळेने, देवस्थानाने, ग्रामपंचायतीने आधीच अटी घालाव्यात. शिक्षकाची पूर्वीच्या ठिकाणी चौकशी करा. दार उघडं, पालकांना कधीही आत येऊन बसायची मुभा. हात लावण्याआधी सांगायचं, आणि मूल नको म्हणालं तर थांबायचं. स्पर्धेच्या प्रवासाला एखादी आई सोबत हवी. या अटी ज्याला जाचक वाटतील, त्याला जागा देऊ नका. आणि वर्गाच्या दारावर १०९८ हा बालमदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा.